शोमरोन्याचा दृष्टांत कसा वाचायचा: सीमाभागातल्या नव्या वाचकासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठीतून बायबल अभ्यासाला नव्याने येणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना रविवारच्या शाळेपासून सगळ्या गोष्टी पाठ असतात. काही जण मराठी साहित्याचे विद्यार्थी असतात, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने, नुसत्या कुतूहलाने आलेले असतात. दृष्टांत उघडला की दोघंही एकच विचारतात: ह्यात तेल म्हणजे काय, उतारशाळा म्हणजे काय, दोन नाणी म्हणजे काय? डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला अर्थ, अशी वहीत यादी केली की दृष्टांत समजला असं वाटतं.

ह्या लेखात त्या यादीच्या आधीची कामं सांगितली आहेत. ती नीट झाली तर यादी बरीच आखूड होते. उदाहरणासाठी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घेतलाय, वचनं २५ ते ३७. यरुशलेमाहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू गाठतात. याजक आणि लेवी (मंदिरातल्या सेवेत याजकांच्या हाताखालचा) त्याला पाहून बाजूने निघून जातात, आणि शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, थांबतो. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठी बायबलांत नावांची रूपं थोडी वेगळी असतात, त्याने काही अडत नाही.

पहिली पायरी: गोष्टीच्या आधीपासून वाचा

गोष्ट तिसाव्या वचनाला सुरू होते म्हणून बहुतेक जण तिथूनच वाचतात. पंचविसाव्यापासून वाचा. एक शास्त्री, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा जाणकार, येशूची परीक्षा घ्यायला उभा राहतो आणि सार्वकालिक जीवनासाठी काय करायचं ते विचारतो. येशू त्यालाच उलट विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? शास्त्री दोन आज्ञा जोडून सांगतो: देवावर सर्व मनाने प्रीती कर (अनुवाद ६:५), आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर (लेवीय १९:१८). उत्तर बरोबर आहे, येशूही तसं म्हणतो. विषय तिथेच संपायचा, पण शास्त्र्याला आपली बाजू राखायची असते. म्हणून तो विचारतो, "माझा शेजारी कोण?"

मराठी वाचकाला ही मांडणी नवी नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाला तीन अंगं आहेत: आधी सूत्र (मूळ वचन), मग दृष्टांत (गोष्ट), शेवटी दार्ष्टांतिक (गोष्टीतून सूत्राचा उलगडा). सूत्र हाती नसेल तर जात्यंधांनी चाचपलेला हत्ती ही नुसती गंमत उरते. लूकमध्ये हीच तीन अंगं शोधा. सूत्र आहे लेवीयातली आज्ञा, आणि गंमत अशी की ते येशू सांगत नाही, परीक्षा घ्यायला आलेला शास्त्रीच सांगतो. दृष्टांत तीस ते पस्तीस. दार्ष्टांतिक शेवटच्या दोन वचनांत, तेही पुन्हा प्रश्नाच्या रूपात: ह्या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला?

वहीत दोन्ही प्रश्न एकाखाली एक लिहून काढा. शास्त्र्याने विचारलं होतं, शेजारी कोण आहे. येशूने विचारलं, शेजारी कोण झाला. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून कुठेतरी रेघ मारावी लागते: इथपर्यंतचे आपले, तिथून पुढचे नाहीत. दुसऱ्या प्रश्नात रेघ मारायला जागाच ठेवलेली नाही. गोष्टीतल्या प्रत्येक तपशिलाचा अर्थ ह्या दोन प्रश्नांमधल्या अंतराला धरून लागला पाहिजे. जो अर्थ ह्या अंतराला शिवत नाही तो कितीही सुंदर असला तरी तूर्त बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: जमीन भरून काढा

प्रतीक शोधण्याआधी वस्तू वस्तू म्हणून बघायची. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, जवळजवळ आपल्या बेळगावाइतकंच. यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. मधलं अंतर जेमतेम २७ किलोमीटर. चोर्ल्यातून गोव्यात उतरलेल्याला ह्या उताराचा अंदाज सहज येईल, फक्त आपल्या घाटातलं रान मनातून पुसून टाका. तिथे उघडे, कोरडे डोंगर आणि खडकातल्या घळी आहेत. लुटारूंना लपायला जागा भरपूर, आणि हाक ऐकायला कुणी नाही. 'खाली जात होता' हे शब्द आधी भूगोल सांगतात. पापात खाली जाणं वगैरे नंतर.

जखमेवर द्राक्षारस आणि तेल हा त्या काळचा घरगुती इलाज. द्राक्षारसाने जखम धुवायची, तेलाने आग शमवायची. दोन नाण्यांची किंमत मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते: एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची कमाई दिली आणि वर, जास्त लागलं तर परत येताना देईन, असं सांगून हिशोब उघडा ठेवला. आकडा न ठरवता दिलेलं हे वचन मला नाण्यांपेक्षा मोठं वाटतं. प्रवचनात मात्र ते बहुधा घाईत उरकतात.

ह्या पायरीला फार वेळ लागत नाही. बायबलाच्या मागचा नकाशा आणि तळटीपा पुरतात.

तिसरी पायरी: गोष्ट कुठे खटकते ते शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. दृष्टांतात एक जागा अशी असते जिथे पहिल्या ऐकणाऱ्याचा अंदाज चुकतो. ती सापडली की अर्थाची निम्मी वाट सरली.

इथे ती जागा आहे तिसरा माणूस. त्या काळच्या यहुदी समाजाची ओळखीची विभागणी होती याजक, लेवी आणि बाकीचे इस्राएल लोक. आधी याजक येतो आणि जातो, मग लेवी येतो आणि जातो. आता ऐकणाऱ्याने मनात तिसऱ्याला तयारही ठेवलेलं असणार: साधा इस्राएली माणूस, म्हणजे ऐकणारा स्वतःच. मोठे चुकले आणि साधा माणूस जिंकला, अशी गोष्ट कुणाला आवडत नाही? त्या जागेवर येतो शोमरोनी.

शोमरोनी म्हटल्यावर त्यांच्या पोटात काय होत असेल हे कळायला दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. शोमरोनीही मोशेची पाच पुस्तकं मानणारे, त्याच देवाची उपासना करणारे, पण त्यांचं पवित्र स्थान यरुशलेमात नव्हे, गरिज्जीम डोंगरावर. तिथलं त्यांचं मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस ह्याने पाडलं. पुढे येशूच्या लहानपणी शोमरोन्यांनी यरुशलेमाच्या मंदिरात माणसांची हाडं टाकून ते विटाळल्याचं इतिहासकार जोसिफसने लिहून ठेवलंय. म्हणजे दुखणं दोन्हीकडचं होतं. दूरच्या परक्यावर माणूस असा चिडत नाही. हा राग देव, पूर्वज आणि जमीन ह्यांवर सारखाच हक्क सांगणाऱ्या जवळच्याबद्दलचा आहे.

आता लूकचाच नववा अध्याय उघडा, वचनं ५१ ते ५६. एक शोमरोनी गाव येशूला उतरायला जागा देत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पडून ह्यांचा नाश व्हावा असं म्हणू का? येशू त्यांना धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. त्यानंतर एका अध्यायाच्या आत हा दृष्टांत येतो. ज्यांनी दार लावलं त्यांच्यातल्याच एकाला येशू गोष्टीचा नायक करतो. दृष्टांत एकटा वाचला की हे हातातून निसटतं.

आणि सदतिसावं वचन. शेजारी कोण झाला, ह्यावर शास्त्री 'शोमरोनी' म्हणत नाही. 'त्याच्यावर दया करणारा' म्हणतो. उत्तर बरोबर दिलं, नाव मात्र ओठांवर आलं नाही.

चौथी पायरी: आता प्रतीकं, पण तीन चाळण्या लावून

जुन्या काळी ह्या गोष्टीचा फार मोठा रूपकार्थ लावला जाई. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती भाष्यकार ओरिजेन आपल्या आधीच्या एका वडीलधाऱ्याचं विवेचन सांगतो: वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च). ऑगस्टीन ह्या धर्मपंडिताने पुढे यरीहोचा संबंध चंद्राशी, म्हणजे माणसाच्या नश्वरपणाशी लावला आणि उतारशाळेच्या मालकात प्रेषित पौल पाहिला. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनला हे मुळीच पटलं नाही. जर्मन अभ्यासक आडोल्फ यूलिखरने १८८८ पासून मांडलं की दृष्टांतात तुलनेचा मुद्दा एकच असतो, बाकीचा तपशील गोष्टीची सजावट.

मी ऑगस्टीनला हसत नाही. भजनात, उपदेशात त्या वाचनाने माणसं सावरली आहेत. पण नव्या वाचकाने तिथून सुरुवात केली की शास्त्र्याचा प्रश्न दिसेनासा होतो. आदाम पडला, ख्रिस्ताने उचललं, आणि मला कुणासाठी थांबायचं कारणच उरलं नाही! यूलिखरचं टोकही मला पुरतं पटत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा अर्थ येशू स्वतः तुकड्यातुकड्याने सांगतो: बी म्हणजे वचन, खडकाळ जमीन म्हणजे संकट येताच अडखळणारे. तेव्हा प्रतीकाला बंदी नाही, पण चाळणी हवी.

चाळण्या अशा. मजकूर स्वतः किल्ली देतो का? पहिल्या ऐकणाऱ्याच्या ध्यानात आलं असतं का? आणि तो तपशील काढला तर गोष्ट लंगडते का?

उतारशाळेचा मालक म्हणजे पौल, हे लावून बघा. मजकूर किल्ली देत नाही. पहिल्या ऐकणाऱ्याला पौल माहीतच नव्हता. मालकाचं नाव काहीही असलं तरी गोष्टीला फरक पडत नाही. हे प्रतीक चाळणीवरच राहिलं.

आता तेल, जनावर आणि यरीहो. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (२ इतिहास २८:१५) एक जुना प्रसंग आहे. उत्तरेच्या राज्याने यहूदाचे लोक कैद करून शोमरोनला आणले. संदेष्ट्याने खडसावल्यावर तिथल्याच माणसांनी नागव्यांना कपडे दिले, खाऊपिऊ घातलं, तेल लावलं, अशक्तांना गाढवांवर बसवलं आणि यरीहोला पोहोचवलं. शोमरोन, तेल, जनावर, यरीहो, सगळं एका वचनात. शास्त्रात मुरलेल्या माणसाला ही आठवण झाली असणं अगदी शक्य आहे. दुसरी चाळणी पार! इथे तेलाचा अर्थ हवेतून आणावा लागत नाही. जुन्या वैऱ्याने आपल्या पूर्वजांना असंच उचलून घरी पोहोचवलं होतं, हे ते तेल सांगतं.

तेल आणि द्राक्षारस मंदिरातल्या अर्पणांतही असत. वेदीशी काम असणारे दोघे पुढे गेले आणि वेदीवरच्या वस्तू ज्याच्या हातून जखमेवर पडल्या तो त्या मंदिरात नको असलेला माणूस, असंही वाचता येतं. मला हे आवडतं, पण वहीत मी ते पेन्सिलीने लिहिलंय.

सगळ्यात मोठं प्रतीक मात्र यादीत क्वचितच येतं, कारण ती वस्तूच नाही. लुटारूंनी त्या माणसाचे कपडे काढून नेले आणि त्याला अर्धमेला टाकलं. अंगावर कपडा नाही, तोंडात शब्द नाही. माणूस कुठला, कोणाचा, हे ओळखायच्या दोन्ही खुणा गेल्या. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बेळगावच्या बाजारात तोंडातून पहिलं वाक्य निघालं की समोरचा मराठी, कानडी, कोंकणी की उर्दूवाला हे कळतं, आणि पुढचं बोलणं कसं होणार तेही बरंचसं तिथेच ठरतं. रस्त्याकडेला पडलेला हा माणूस ते एक वाक्यही बोलू शकत नाही. शास्त्र्याला रेघ कुठे मारायची ते हवं होतं, आणि गोष्टीने रेघ मारायची खूणच काढून घेतली. तिन्ही चाळण्यांतून हा तपशील पार होतो.

याजकाबद्दल थोडं

याजक-लेवी म्हणजे ढोंगी धर्ममार्तंड आणि यहुदी धर्म म्हणजे कोरडं कर्मकांड, असं वाचन फार चालतं. ते टाळा. प्रेताला शिवल्याने याजकाला विटाळ होई हे खरं (लेवीय २१), पण हा याजक त्याच रस्त्याने खाली चालला होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून. सेवेला निघाल्याचं निमित्तही त्याच्याजवळ नाही. शिवाय ते दोघे का थांबले नाहीत हे येशू सांगतच नाही. भीती असेल, घाई असेल. आणि प्रीतीची आज्ञाही त्याच नियमशास्त्रातली. त्याच अध्यायात पुढे (लेवीय १९:३४) परदेशीयावरही आपल्यासारखी प्रीती करायला सांगितलंय.

पाचवी पायरी: गोष्ट आपल्या रस्त्यावर आणा, पण योग्य जागी उभे राहून

इथे बहुतेक गटांची गाडी घसरते. 'गुड समॅरिटन' हा शब्द आता कायद्यातही आहे. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून कर्नाटकाने २०१६ मध्ये विधेयक आणलं, त्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. कायदा चांगलाच आहे. पण त्यातला समॅरिटन कुणीही भला वाटसरू असतो, आणि तोच अर्थ डोक्यात ठेवून वाचलं की आपण आपोआप मदत करणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

पहिल्या ऐकणाऱ्याला ती जागा मोकळी नव्हती. तो यहुदी होता, शोमरोनी होऊ शकत नव्हता. दोघं निघून गेल्यावर त्याला एकच जागा उरली: खाली पडलेल्या माणसाची.

गटात ही पायरी घ्यायची असेल तर हा सराव करून बघा. निपाणीहून बेळगावकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, रात्रीची वेळ, मोटरसायकलवरून पडलेला माणूस. आधी सगळ्यांना सांगा, पडलेला माणूस म्हणजे तुम्ही. मग ज्यांच्याकडून मदतीची खात्री असते असे दोघे निघून जाऊ द्या: आपल्या मंडळीचे, आपल्या भाषेचे, आपल्या मोर्च्यात शेजारी उभे राहिलेले. तिसरा कोण ते प्रत्येकाने एकट्याने, चिठ्ठीवर लिहायचं. कसोटी एकच: ज्याच्या हातून पाणी घ्यायलाही मन कचरेल असा.

बेळगावात मराठी गटाच्या चिठ्ठ्यांवर काय येईल ह्याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा वाद आहे, १ नोव्हेंबर एका घरी राज्योत्सव आणि दुसऱ्या घरी काळा दिवस. म्हणून गट घेणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीत. गोष्टीत भाषांची अदलाबदल करायला लावायची: कानडी भावंडं गटात असतील तर त्यांनी पडलेला माणूस कानडी धरून गोष्ट सांगावी, तिसरा कोण ते त्यांना ठरवू द्यावं. आणि मराठी गटाने कानडी माणसाला याजकाच्या जागी बसवलं, तर तिथेच थांबवायचं. ती गोष्ट येशूची नाही, ती आपण आधीपासूनच एकमेकांना सांगत असतो.

काहींच्या चिठ्ठीवर भाषा येणारच नाही. जात येईल, धर्म येईल, कधी सख्खा भाऊ येईल. चिठ्ठ्या वाचून दाखवू नका, घडी करून ज्याची त्याच्याकडे राहू द्या. शास्त्र्याला नाव मोठ्याने घ्यायला येशूनेही लावलं नव्हतं. सीमाप्रश्नाचा निकाल ह्या दृष्टांतात शोधायला मात्र जाऊ नका. गरिज्जीम खरा की यरुशलेम, ह्याचं उत्तर ह्या गोष्टीत नाही. तो वाद योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, विहिरीवर एका शोमरोनी बाईशी बोलताना निघतो, आणि तिथेही सुरुवात पाणी मागण्यापासून होते.

सरावासाठी पुढचा दृष्टांत

मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातले मजूर. अथणीकडच्या वाचकांना द्राक्षाचं काम समजावून सांगायला नको. आधीच्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनापासून वाचा. पेत्र ह्या शिष्याचा प्रश्न तिथे आहे. चाळण्या लावताना दिवसाच्या पाच वेळा म्हणजे जगाची पाच युगं, असा जुना अर्थ कुणीतरी काढेलच. तो तिन्ही चाळण्यांवर टाका. मग खटकणारी जागा शोधा. बरेच जण 'सगळ्यांना सारखीच मजुरी' इथे बोट ठेवतील. थोडं अलीकडे या. मालक कारभाऱ्याला मजुरी शेवटच्यांपासून वाटायला सांगतो. पहाटेपासून राबलेल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं, तर उशिरा आलेल्यांना किती मिळाले हे त्यांना कळलंच नसतं आणि कुरकुरही झाली नसती. हा क्रम उलटा करून गोष्ट वहीत पुन्हा लिहा, आणि त्यातून काय काय नाहीसं झालं त्याची यादी करून पुढच्या बैठकीला आणा.